ग्रेडिंगवाले माझं कार्ड का नाकारतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहाचं कार्ड बेसबॉलचं असो, पोकेमॉनचं असो की मॅजिक या पत्त्यांच्या खेळाचं. ते ग्रेडिंगला, म्हणजे अस्सलपणा आणि दर्जा तपासायला पाठवलं आणि आकड्याऐवजी नकाराची चिठ्ठी घेऊन परत आलं, की लोक आम्हाला लिहितात. पत्राचा सूर बहुधा दोनच प्रकारचा असतो. एक, "त्यांना काही कळत नाही." दुसरा, "मला फसवलं गेलं." बरेचदा खरं कारण या दोन्हींपेक्षा साधं निघतं. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे गुंता वाढत जातो. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रेडिंग कंपनी नेमकं करते काय? आणि "नाकारलं" म्हणजे काय झालं?

कार्ड पोचलं की आधी दोन गोष्टी बघतात: ते अस्सल आहे का, आणि छापून बाहेर पडल्यावर कुणी त्यात हात घातला आहे का. इथून पार पडलं तरच कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग (चित्र मधोमध बसलंय का) बघून एक ते दहापैकी आकडा मिळतो. पीएसए १९९१ पासून हे काम करते, सीजीसीचा कार्डविभाग २०२० मध्ये सुरू झाला. बेकेट आणि एसजीसी ही आणखी दोन मोठी नावं. नियम थोडे इकडेतिकडे असले तरी सांगाडा सगळीकडे हाच आहे.

कार्ड परत येतं ते तीन प्रकारे. स्लॅबमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या सीलबंद कवचात, आकड्यासह. किंवा स्लॅबमध्येच, पण आकड्याच्या जागी फक्त "ऑथेंटिक". किंवा जसं गेलं तसं सुटं, सोबत कारणाचा कोड. लोक "रिजेक्ट झालं" म्हणतात तेव्हा त्यांना हा तिसरा प्रकार म्हणायचा असतो. दुसऱ्या प्रकाराबद्दल प्रश्न १९ मध्ये लिहिलं आहे.

२. परत आलं म्हणजे माझं कार्ड खोटं आहे, असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त मनस्ताप देतो.

स्लॅबवर कंपनीचं नाव असतं आणि त्यामागे तिचा पैसा असतो. पीएसएसारख्या कंपन्या लेखी हमी देतात: आमची चूक झाली, बनावट किंवा छेडछाड झालेलं कार्ड आम्ही पास केलं, तर भरपाई आमच्याकडून. त्यामुळे तपासणाऱ्यासमोरचा प्रश्न "हे खरं असेल का?" एवढाच नसतो. "याची जबाबदारी आम्ही वर्षानुवर्षं अंगावर घेऊ का?" हा असतो. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे संशयाचा तोटा कार्डाला होतो.

कोडची भाषाही नीट वाचा. "कापलं आहे" असं लिहिलेलं नसतं, "कापल्याची लक्षणं दिसतात" असं असतं. "बनावट" नसतं, "अस्सलपणा शंकास्पद" असतं. शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. कार्डाच्या बाजूने किंवा विरोधात शपथ घ्यायला कंपनी तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

३. चिठ्ठीवर "एन-६" असं काहीतरी आहे. हे कोड कसे वाचायचे?

पीएसएची यादी सगळ्यात प्रसिद्ध आहे. एन-१ कडा कापल्याची लक्षणं, एन-२ दुरुस्ती, एन-३ रंग भरल्याची लक्षणं, एन-४ अस्सलपणा शंकास्पद, एन-५ कागदातच फेरफार, एन-६ किमान मापापेक्षा लहान, एन-७ साफसफाई, एन-८ चुकीचा कट, एन-९ म्हणजे या प्रकारचं कार्ड आम्ही हाताळतच नाही. इतर कंपन्यांचे शब्द वेगळे, आशय जवळपास तोच.

यातला फक्त एन-४ कार्डाच्या जन्मावर शंका घेतो. एन-१, २, ३, ५ आणि ७ म्हणतात की जन्म ठीक आहे, पण नंतर कुणीतरी काहीतरी केलं. एन-६ आणि एन-८ मध्ये तर तुमच्यावर किंवा आधीच्या मालकावर आरोपही नाही. चिठ्ठी हातात आली की आधी कोड कुठल्या गटातला ते बघा, मग संतापा.

४. ग्रेड दिलीच नाही, मग पैसे तरी परत मिळतात का?

बहुतेकदा नाही. तपासायला वेळ आणि डोळे तेवढेच लागले, असं कंपनीचं म्हणणं. काही कोडना सूट असते, पण कोणत्या ते कंपनीगणिक आणि काळानुसार बदलतं. पाठवायच्या दिवशीच्या अटी वाचाव्यात. जुनी माहिती इथे कामाची नाही.

५. ट्रिमिंग म्हणजे काय? अर्धा मिलिमीटर कडा कापली तर एवढं काय बिघडलं?

झिजलेली कडा किंवा बोथट कोपरा किंचित कापला की कार्ड पुन्हा कोरं दिसतं. एका बाजूची बॉर्डर जाड असेल तर तीही कापून सेंटरिंग सुधारता येतं. जुन्या कार्डांत आकडा एकाने वाढला तरी किंमत काही पट होते, म्हणून हा मोह फार जुना आहे.

या विषयाची कथा एका कार्डाभोवती फिरते. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या टी२०६ मालिकेतलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं कार्ड. १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी त्याची एक प्रत सदबीजच्या लिलावात ४,५१,००० डॉलरला घेतली. पीएसएने ग्रेड केलेलं हे पहिलं कार्ड. आकडा मिळाला ८. इतक्या जुन्या सिगारेटकार्डाच्या कडा एवढ्या धारदार कशा, अशी कुजबुज तेव्हापासूनच होती. २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रोने न्यायालयात कबूल केलं की ते कार्ड आपण कापलं होतं. त्याला तुरुंगवास झाला. हे कार्ड मात्र २००७ मध्येच २८ लाख डॉलरला विकलं गेलं होतं.

गंमत बघा: आज ज्या कारणासाठी तुमचं कार्ड परत येतं, तेच कारण या धंद्याच्या पहिल्या स्लॅबमध्ये बंद होतं. कंपन्या कडांच्या बाबतीत इतक्या कडक का झाल्या, हे यावरून कळतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात.

पकडतात कसं? छापखान्यातल्या मोठ्या कटरने कापलेल्या कडेचा एक स्वभाव असतो. भिंगाखाली तंतू एका दिशेला दबलेले दिसतात आणि चारही कडा साधारण एकाच वयाच्या वाटतात. नव्या पात्याने कापलेली कडा उजळ असते, कधी कोपऱ्याशी किंचित हुकासारखी वळते, कधी मध्येच लाटेसारखी जाते. तीन कडा पिवळट आणि चौथी पांढरीशुभ्र असेल तर भिंगाचीही गरज नाही.

६. पॅक मी स्वतः फोडलं, कार्ड थेट स्लीव्हमध्ये ठेवलं. तरी "माप कमी" म्हणून परत आलं. हा कसला न्याय?

हे पत्र जवळजवळ दर महिन्याला येतं, आणि लिहिणारा सहसा खरंच बोलत असतो.

कारखान्यातही सगळी कार्डं एकाच मापाची निघत नाहीत. अनेक कार्डं एकत्र छापलेल्या शीटचा गठ्ठा कटरखाली किंचित सरकला की काही कार्डं लहान होतात, त्यांच्या शेजारची मोठी. तपासणाऱ्याकडे तुमच्या पॅकची कहाणी नसते; हातात फक्त एक लहान कार्ड असतं. ते जन्मतः लहान की नंतर झालं, हे कडेवरून खात्रीने सांगता आलं नाही तर ते "कापलेलं" असं म्हणत नाहीत, "मापात बसत नाही" असं म्हणून सोडून देतात. एन-१ आणि एन-६ वेगळे आहेत ते याचसाठी.

पाठवण्याआधी त्याच मालिकेतल्या दोनचार स्वस्त कार्डांवर आपलं कार्ड ठेवून बघा. आजची क्रीडाकार्डं २.५ बाय ३.५ इंच, पोकेमॉन आणि मॅजिक साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटर, यू-गी-ओह ५९ बाय ८६. जुन्यांत सावध राहा. टॉप्स या अमेरिकन कंपनीची १९५२ ते १९५६ ची बेसबॉल कार्डं मोठी होती, २ ५/८ बाय ३ ३/४ इंच. आजचं माप टॉप्सने १९५७ मध्ये घेतलं. नव्या मापाच्या अल्बममध्ये बसावीत म्हणून मुलांनी कापलेली जुनी कार्डं अजून फिरत असतात.

उलटा प्रकारही आहे. कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीची जुनी हॉकीकार्डं तारेने कापली जायची, त्यामुळे त्यांच्या कडा फाटल्यासारख्या खरखरीत असतात. १९७९ च्या ग्रेट्झकी रूकी कार्डाची (रूकी म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड) कडा गुळगुळीत असेल तर कौतुक करू नका, काळजी करा.

७. माझ्याकडे न कापलेली मूळ शीट होती, त्यातून मीच कार्ड कापलं. छपाई शंभर टक्के अस्सल आहे. तरी नाही?

नाही. शाई आणि कागद अस्सल असले तरी ते "कार्ड" म्हणून कारखान्यातून बाहेर पडलेलं नाही. हे चाललं असतं तर कुणीही शीट विकत घेऊन, हवं तिथे नेमकं कापून, हवी तितकी दहा आकड्याची कार्डं बनवली असती.

अपवाद त्या कार्डांचा, जी घरी कात्रीने कापण्यासाठीच निघाली. १९६१ ते १९६३ दरम्यान पोस्ट कंपनीच्या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांवर बेसबॉल कार्डं छापलेली असायची. १९७५ ते १९७९ दरम्यान होस्टेस कंपनीच्या केकच्या खोक्यांवर तीन-तीन कार्डांच्या पट्ट्या असायच्या. ती "हँडकट" म्हणून स्वीकारली जातात, पण कात्री सीमारेषेच्या आत गेलेली नको. एखाद्या बाजूची रेषा गायब असेल तर आकडा विसरा, फार तर "ऑथेंटिक" मिळेल.

८. कार्ड पुसलं तर "साफसफाई" धरतात का? मी फक्त बोटांचे ठसे काढले होते.

कोरड्या मऊ कापडाने धूळ किंवा ठसा पुसणं आणि कार्डावर काहीतरी लावणं, यात मोठा फरक आहे. पहिल्याचा मागही राहत नाही. पाणी, द्रावण, पॉलिश, मेण, खोडरबर यांनी पृष्ठभागाची चमक बदलते; तिरक्या उजेडात तेवढा भाग वेगळा दिसतो आणि कागद फुगल्याची खूण राहते. जुन्या, चकाकी नसलेल्या कार्डावर तर साधं ओलं बोटही दिसून येतं.

याच गटात दाबणं आलं: ओलावा देऊन घडी दाबून सपाट करणं. कॉमिक पुस्तकांत दाबणं सर्रास चालतं, म्हणून तिकडून आलेली मंडळी इथे फसतात. कार्डांत ती छेडछाडच. दबलेली घडी काही महिन्यांनी पुन्हा वर येते, कधीकधी स्लॅबच्या आतच. ते बघण्यासारखं असतं, दुसऱ्याचं असेल तर.

९. कडेला थोडं मार्कर लावलेलं. इतकं बारीक कुणाला दिसणार?

ब्लॅकलाइटला दिसतं.

छापखान्याची शाई आणि मार्करची शाई अतिनील प्रकाशात एकसारखी वागत नाहीत. टॉप्सच्या १९७१ च्या बेसबॉल मालिकेला काळी बॉर्डर आहे, जरा हाताळली की पांढरे ठिपके उठतात, म्हणून त्या वर्षाच्या कार्डांत रंगवारंगवी फार. मी स्वतः या मालिकेतलं एक कार्ड घेतलं होतं. कडा इतक्या काळ्या, की मी विक्रेत्याचे आभार मानले. कार्ड रंगाच्या कोडसह परत आलं. मग मी ब्लॅकलाइट विकत घेतला, आणि त्याखाली दोन कोपरे जांभळट चमकले. क्रम उलटा असायला हवा होता.

चिरलेला कोपरा कागदाच्या लगद्याने पुन्हा उभारणं, थर चिकटवणं, हे दुरुस्तीत येतं. कौशल्य कितीही मोठं असलं तरी उत्तर तेच.

१०. कार्ड साफ बनावट आहे, हे कशावरून ठरवतात?

एका खुणेवरून सहसा ठरवत नाहीत. चारपाच गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ठरतं.

सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे छपाई. ऑफसेट छपाईत चित्र बारीक रंगीत ठिपक्यांचं असतं आणि ते भिंगाखाली फुलासारख्या रचनेत दिसतात. नाव, आकडे आणि काळ्या रेषा मात्र वेगळ्या काळ्या प्लेटवरून सलग शाईत उमटतात. बनावट करणारा अख्ख्या कार्डाचं स्कॅन घेतो, त्यामुळे त्याच्या कार्डावर अक्षरंही ठिपक्यांची होतात. दहापटीच्या साध्या भिंगाने हे घरी बघता येतं, आणि माझ्या मते एवढी एक सवय लागली तर निम्मी फसवणूक टळते.

दुसरी गोष्ट कागद. पोकेमॉन कार्डाच्या पोटात काळपट थर असतो, मॅजिकच्या निळसर. कडेकडून नीट बघितलं की दिसतो आणि प्रकाश किती आरपार जातो तेही त्यावर ठरतं. मॅजिकच्या मागच्या बाजूला हिरव्या वर्तुळात भिंगाखाली चार लाल ठिपके दिसतात, तिथे नकला बरेचदा अडखळतात. युद्धपूर्व कार्डांसाठी पुन्हा ब्लॅकलाइट: कागद पांढरा दिसावा म्हणून घातली जाणारी उजळकं दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. १९१० चं म्हणवणारं कार्ड निळं-पांढरं झळकलं तर बाकी काही बघायची गरज नाही.

कार्ड वाकवून बघायचं, पाण्याचा थेंब टाकायचा, असले सल्ले ऐकू नका. कार्ड खरं निघालं तर प्रश्न ८ मध्ये जाऊन बसेल.

११. रिप्रिंट तर मूळ कंपनीनेच काढलं होतं. मग ते बनावट कसं?

बनावट नाहीच. पण ते मूळही नाही, आणि तुम्ही अर्जात मूळ म्हणून लिहिलं असेल तर नाकारतील.

टॉप्सने १९८३ मध्ये स्वतःची १९५२ ची मालिका पुन्हा छापली. तिच्यातही बेसबॉलपटू मिकी मँटल आहे. मूळ मालिकेतल्या मँटलची एक प्रत, एसजीसी ९.५, ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली, त्यामुळे कुणाच्या तरी पेटीत मँटल सापडला की घरात गोंधळ उडतो. मोजपट्टी काढा. पुनर्मुद्रण आजच्या मापाचं आहे, मूळ मोठं (प्रश्न ६). पाठीवर पुनर्मुद्रणाचा उल्लेखही आहे, म्हणूनच पाठ खरवडलेले मँटल फिरतात.

मॅजिकमध्ये याच धर्तीचा वाद डिसेंबर १९९३ च्या कलेक्टर्स एडिशनचा. कार्डं अधिकृत, चित्रं तीच, पण कोपरे चौकोनी आणि पाठीला सोनेरी किनार. कोपरे गोल कापून, पाठ सोलून, स्वस्त खऱ्या कार्डाची पाठ चिकटवून "बीटा", म्हणजे मॅजिकच्या सुरुवातीच्या महागड्या छपाईतलं, म्हणून विकण्याचे उद्योग झाले. पुढची बाजू अस्सल, मागची बाजू अस्सल, आणि कार्ड खोटं! कडेवरचा जोड आणि जाडी यावरून ते पकडलं जातं.

१२. माझं कार्ड खरं आहे हे सगळे मानतात, पण "ही मालिका आम्ही घेत नाही" म्हणाले. असं का?

कधी कंपनीला एका कार्डावर नव्हे, अख्ख्या मालिकेवरच निर्णय देता येत नाही. ठळक उदाहरण स्टार कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या बास्केटबॉल कार्डांचं, ज्यांत १९८४-८५ चा मायकल जॉर्डन आहे. ही कार्डं पॅकमधून नव्हे तर पिशव्यांत संचाने यायची आणि नंतर त्यांच्या संशयास्पद छपाया बाजारात आल्या. मूळ आणि नंतरचं यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही म्हणून पीएसएने कितीतरी वर्षं स्टारची कार्डं बंद ठेवली होती, तर बेकेट ती घेत होतं. २०२२ मध्ये पीएसएनेही दार उघडलं.

म्हणजे त्या मधल्या वर्षांत अस्सल जॉर्डन परत आला तो तुलनेचं ज्ञान अपुरं होतं म्हणून. कार्ड तेच राहिलं, तपासणाऱ्यांचा अभ्यास वाढला. "एन-९" आला म्हणून कार्ड फेकू नये ते यासाठी.

१३. पोकेमॉनच्या "फर्स्ट एडिशन" शिक्क्याबद्दल एवढी कटकट कशाला?

कारण १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमध्ये, म्हणजे पहिल्या मालिकेत, एका लहानशा काळ्या शिक्क्यावर किंमत कित्येक पट हलते, आणि शिक्का मारणं हे कार्ड बनवण्यापेक्षा सोपं आहे. शिक्का नसलेलं पण सावलीही नसलेलं, म्हणजे "शॅडोलेस" कार्ड घ्यायचं आणि वर शिक्का उमटवायचा. कार्ड शंभर टक्के खरं, शिक्का खोटा. आकड्याची जाडी, शाईचा पोत आणि जागा खऱ्या नमुन्याशी ताडून बघतात. साध्या अनलिमिटेड, म्हणजे नंतरच्या छपाईच्या, कार्डावर शिक्का असेल तर ताडायचीही गरज नाही: चित्राच्या चौकटीच्या उजवीकडे सावली आहे, मग मॅचॅम्प हे एक कार्ड सोडलं तर इंग्रजी बेस सेटमध्ये तिथे शिक्का असूच शकत नाही.

१४. सही माझ्यासमोर केली. फोटोही आहे. तरी सही पास नाही?

सही तपासणारा शाईकडे बघतो, फोटोकडे नाही. फोटोतलं कार्ड आणि हातातलं कार्ड एकच, हे त्याला सिद्ध करता येत नाही. घाईत, रेलिंगवरून, चालता चालता केलेल्या सह्या नमुन्यांशी जुळत नाहीत आणि खऱ्या असूनही परत येतात. ऑटोपेनच्या, म्हणजे यंत्राने केलेल्या, सह्या उलट कारणाने अडकतात: त्या एकमेकींशी फारच जुळतात.

जर्सीचा तुकडा बसवलेल्या कार्डांत आणखी एक भानगड. साधा एकरंगी तुकडा काढून तिथे लोगोचा बहुरंगी तुकडा बसवतात. कार्ड खरं, क्रमांक खरा, खिडकीतलं कापड मात्र दुसरंच. त्याच क्रमांकाच्या कार्डाचं जुनं छायाचित्र सापडलं तर पकडता येतं. नाही सापडलं आणि खिडकीच्या कडेला गोंद दिसला, तर कंपनी हात काढून घेते.

१५. प्रोटोटाइप किंवा चाचणी-छपाईचं कार्ड पाठवू का?

पाठवा, पण कागदपत्रांशिवाय नको. बाजारात कधी न आलेल्या कार्डाला ताडायला नमुनाच नसतो. ते कुणाच्या हातातून आलं यावरच सगळं अवलंबून. नीट माग असेल तर फळही मोठं: मॅजिक काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९८ मध्ये सादरीकरणासाठी केलेलं ब्लास्टॉइज या पोकेमॉनचं कार्ड सीजीसीने ८.५ ग्रेड केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ते ३,६०,००० डॉलरला विकलं गेलं.

मग पुढचं प्रकरण. १९९६ च्या सुमाराची म्हणून पोकेमॉनची बरीच प्रोटोटाइप कार्डं सीजीसीच्या स्लॅबमध्ये आली. २०२५ च्या सुरुवातीला काही संग्राहकांनी त्यांची मोठ्या रिझोल्यूशनची स्कॅन तपासली. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके सोडतात, त्यांत यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख असते. काही कार्डांवरच्या ठिपक्यांनी साल सांगितलं, २०२४. ही गोष्ट ग्रेडरच्या नव्हे तर हौशी लोकांच्या डोळ्यांना दिसली, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हा अशा कार्डाला कुणी नकार दिला तर आता मी तरी वाद घालणार नाही.

१६. छपाईची चूक असलेलं कार्ड तर जास्त मौल्यवान ना? मग "मिसकट" (चुकीचा कट) म्हणून का परत?

सर्वज्ञात, वारंवार आढळणारी चूक वेगळी. १९९० च्या टॉप्समधला नाव न छापलेला फ्रँक थॉमस लेबलवर तसा नोंदवून स्लॅब होतो. एकट्यादुकट्या कार्डावरचा वाकडा कट किंवा गायब रंग ही मात्र कारखान्याची चूक की कुणाची कारागिरी, हे ठरवणं अवघड. रंग उन्हाने आणि रसायनानेही उडवता येतो. मिसकट कार्डांना "एमसी" अशी खूण लावून घ्यायची की परत करायचं, हे अर्जातल्या निवडीवरही अवलंबून असतं. तो रकाना रिकामा सोडू नका.

१७. प्रॉक्सी (खेळण्यापुरत्या छापलेल्या नकला), चाहत्यांनी बनवलेली, सोनेरी धातूची कार्डं?

बिनपरवाना असतील तर नाही. सुंदर असली तरी.

१८. एका कंपनीने नाकारलं, दुसरीने ग्रेड दिली. खोटं कोण बोलतंय?

कदाचित कुणीच नाही. कडेवरची खूण हे मत असतं, मोजमाप नव्हे, आणि तेच कार्ड त्याच कंपनीकडे दुसऱ्यांदा गेलं तरी निकाल बदललेला मी पाहिला आहे, दोन्ही दिशांनी. माप आणि रंगाच्या कोडवर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ असू शकतो. "अस्सलपणा शंकास्पद" असेल तर आधी प्रश्न १० मधली तपासणी स्वतः करा. "होईपर्यंत पाठवत राहायचं" हा खेळ ज्यांनी धंदा म्हणून केला, त्यांच्यामुळेच पुढचा प्रश्न उभा राहिला.

१९. कार्ड आधीच स्लॅबमध्ये होतं. दुसऱ्या कंपनीत बदलायला पाठवलं तर म्हणे छेडछाड झालेली. आता?

२०१९ मध्ये संग्राहकांनी जुन्या लिलावांतली छायाचित्रं आणि नव्या स्लॅबमधली कार्डं शेजारी ठेवायला सुरुवात केली. छपाईचे ठिपके तेच, पण बॉर्डर बारीक झालेली, डाग गेलेला, आकडा वाढलेला. अशी कितीतरी कार्डं निघाली आणि अमेरिकेच्या एफबीआयने चौकशी हाती घेतल्याच्या बातम्या त्या वर्षी आल्या. म्हणजे स्लॅब चुकू शकतो.

तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट: जुना स्लॅब फोडू नका. हमी त्या स्लॅबवर आहे, सुट्या कार्डावर नाही. स्लॅब शाबूत असेल तर मूळ कंपनीकडे हमीखाली दाद मागता येते. त्याआधी तिच्या संकेतस्थळावर सर्टिफिकेट नंबर टाकून तिथलं छायाचित्र तुमच्या कार्डाशी ताडून बघा, कारण हल्ली खऱ्या नंबरचे खोटे स्लॅबही येतात.

दोन्हीकडे आकडा मिळत नसेल तर "ऑथेंटिक" किंवा "ऑथेंटिक, फेरफार" असं लेबल मागता येतं. दुर्मीळ जुन्या कार्डासाठी ते कमीपणाचं नाही. वॅग्नर कापलेला असला तरी वॅग्नरच. कालच्या पॅकमधल्या कार्डासाठी मात्र त्याला काही अर्थ नाही.

२०. न फोडलेले पॅक आणि खोकी तरी सुरक्षित आहेत ना?

तिथे तर आत बघताच येत नाही. प्लास्टिक, चिकटवलेली घडी आणि वजन यांवरच सगळं. डिसेंबर २०२१ मध्ये यूट्यूबर लोगन पॉलने फर्स्ट एडिशन पोकेमॉनची म्हणून एक पेटी ३५ लाख डॉलरला घेतली, तज्ज्ञ तपासणी झालेली. जानेवारीत उघडली तर आत जी.आय. जो या खेळण्यांच्या मालिकेची कार्डं. सीलबंद मालाला नकार आला तर मला त्याचं वाईट वाटत नाही.

२१. परत आलेलं कार्ड आता विकू शकतो का?

विकू शकता. चिठ्ठीचा फोटो लावा, कोड लिहा, "ग्रेडिंगला गेलं होतं, या कारणाने परत आलं" असं पहिल्याच ओळीत सांगा. लहान मापाची आणि मिसकट कार्डं घेणारे जाणकार असतात, रंग भरलेली कार्डं संच पूर्ण करणारे घेतात. एन-४ चं कार्ड मात्र मूळ विक्रेत्याकडेच परत न्या, आणि तो घेत नसेल तर त्यावर पेनाने ठळक "नक्कल" लिहून ठेवा. माझ्याकडे अशी अकरा आहेत. भिंग वापरायला शिकवताना ती फार उपयोगी पडतात.